वाळवंटात भुरी कुठून येते?

प्रश्न : मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. गेल्या जुलैत मुलीकडे सिएटलला गेलो होतो. लेक-जावई आम्हाला डोंगर ओलांडून याकिमाच्या खोऱ्यात चेरी तोडायला घेऊन गेले. बाग पाहून डोळे निवले, पण सवयीनं पानं उलटून पाहिली तर खोडाजवळच्या फुटव्यांवर चक्क भुरी! काही फळांच्या देठाशीही पांढरे डाग होते. जावई म्हणाले, इथे वर्षाला जेमतेम आठ इंच पाऊस पडतो. आमच्याकडे ढगाळ हवा आली की भुरीची धास्ती. तिथे तर आकाशात ढग नावालाही नव्हता. मग ही भुरी येते कुठून? ती आमच्या द्राक्षावरचीच का? बागमालक एवढंच म्हणाला, 'सगळा खेळ पहिल्या पाण्याचा आहे.' त्याचा अर्थ मला नीट कळला नाही.

उत्तर : बागमालक एका वाक्यात बरंच काही सांगून गेला. त्या भागात चेरीवर भुरी येते ती पावसामुळे कमी आणि बागायतदारानं सोडलेल्या पाण्यामुळे जास्त. हे ऐकायला विचित्र वाटतं, कारण ज्या रोगाला ओल्या पानाची गरज नाही असं आपण म्हणतो, त्याच रोगाची सुरुवात पाण्यानं होते असं इथे म्हणावं लागतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, फक्त वर्षातल्या वेगवेगळ्या वेळी.

आधी जागा समजून घेऊ. वॉशिंग्टन राज्यात कॅस्केड पर्वतरांग उत्तर-दक्षिण पसरली आहे. प्रशांत महासागरावरून येणारे ढग तिच्या पश्चिम उतारावर रिकामे होतात. सिएटलला वर्षाला साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. रांग ओलांडून पूर्वेला उतरलं की याकिमाला त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी. सह्याद्रीच्या आड माण-खटाव जसे कोरडे राहिले, तसाच हा प्रकार, फक्त त्याहूनही कडक. तिथली फळबाग उभी आहे ती पर्वतावरच्या बर्फाच्या पाण्यावर. हे पाणी धरणांत साठवून कालव्यांनी खोऱ्यात आणण्याचा याकिमा प्रकल्प 1905 मध्ये हाती घेतला गेला. तेव्हा तुम्ही पाहिलेली हिरवी बाग म्हणजे पाण्यावर जगवलेलं वाळवंट. तिथे पानाला ओलावा मिळतो तो बहुतेक वेळा आकाशातून नव्हे, तुषार सिंचनाच्या नळीतून.

आता भुरी द्राक्षावरचीच का, हा प्रश्न. नाही. भुरीच्या बुरश्या एकमेकींसारख्या दिसतात, पण त्यांची घरं ठरलेली असतात. द्राक्षावर एरिसायफी नेकेटर, आंब्याच्या मोहोरावर आणखी वेगळी आणि गोड चेरीवर पोडोस्फेरा सेरासी. ही शेवटची बुरशी कित्येक वर्षं पोडोस्फेरा क्लॅन्डेस्टिना या नावानं ओळखली जात होती. 2019 मध्ये तिला स्वतंत्र जात म्हणून नवं नाव मिळालं. जुनी पुस्तकं आणि औषधांची लेबलं चाळाल तर जुनंच नाव सापडेल, म्हणून दोन्ही दिली. याकिमाच्या खोऱ्यात चेरीच्या शेजारीच वाइनची द्राक्षं असतात आणि दोन्हींवर भुरी येते, पण एकीची भुरी दुसरीवर जात नाही. तुमच्या कपड्यांना चिकटून चेरीची भुरी निफाडला आली असेल, अशी शंका मनात असेल तर तीही सोडून द्या.

भुरी फक्त जिवंत पेशींवर जगते. मेलेल्या, सडलेल्या पानावर तिचं पोट भरत नाही. ती पानाच्या पृष्ठभागावर पसरते आणि फक्त वरच्या थरातल्या पेशींमध्ये बारीक शोषकं खुपसून रस ओढते. हातभिंगातून तो पांढरा डाग पाहिलात तर त्यावर उभे धागे दिसतात आणि प्रत्येक धाग्याच्या टोकाला पिंपाच्या आकाराचे बीजाणू माळेतल्या मण्यांसारखे एकावर एक रचलेले असतात. वरचा मणी पिकला की वाऱ्याबरोबर सुटतो. या बीजाणूच्या पोटात रुजण्यापुरतं पाणी आधीच भरलेलं असतं, म्हणून त्याला पानावर दवाचा थेंबही लागत नाही. उलट पानावर पाणी साचलं तर ते त्याला मानवत नाही. डाऊनी (केवडा) ओल्या पानावर वाढते आणि भुरी कोरड्या पानावर, हा फरक द्राक्षवाल्याला शिकवायला नको. चेरीची भुरीही त्याच वळणाची. तिला हवी कोवळी पानं, दमट हवा आणि 21 ते 27 अंशांच्या आसपासचं तापमान. पारा 32 च्या वर टिकून राहिला तर ती मंदावते.

याकिमात जुलैच्या दुपारी पारा तिशी ओलांडतो, मग ती तग कशी धरते? बागेबाहेरचं हवामान आणि झाडाच्या आतलं हवामान एक नसतं. दाट फांद्यांच्या आत ऊन पोहोचत नाही, खाली तुषार चालू असतात, रात्री पारा पंधराच्या खाली येतो. तुमच्याकडे ढगाळ हवा जी सावली पुरवते, ती तिथे झाडाची स्वतःची गर्दी पुरवते. फुटव्यांवरच्या ज्या पानांवर तुम्हाला भुरी दिसली, ती नेमकी अशाच जागची होती.

पण मुळात ती येते कुठून? नोव्हेंबरपासून तिथली झाडं पूर्ण निष्पर्ण असतात, थंडी शून्याखाली जाते. आपल्याकडे द्राक्षाच्या वेलीवर जवळपास वर्षभर हिरवं काहीतरी असतं. छाटणीनंतरही फूट लगेच येते. तिकडे पाच-सहा महिने जिवंत पानच नाही. जिवंत पेशीशिवाय न जगणाऱ्या बुरशीनं काय करावं? ती उन्हाळा सरता सरता पानांवर काळे ठिपके बनवते. एकेक ठिपका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. आधी पिवळसर, मग तपकिरी, शेवटी काळाभोर. हे तिचं बंद कवच. त्याच्या आत एक पिशवी आणि पिशवीत लैंगिक संकरातून तयार झालेले बीजाणू. पान गळण्याआधी पाऊस आला तर ही कवचं धुपून खाली येतात आणि सालीच्या फटींत, फांद्यांच्या बेचक्यांत अडकून बसतात. काही पानांबरोबर जमिनीवर जातात. वॉशिंग्टनच्या पूर्व भागात ती थंडी काढतात आणि वसंतात जिवंत निघतात, हे गॅरी ग्रोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांडलं. ग्रोव्ह यांनी पुढची कित्येक वर्षं प्रॉसर इथल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात या एका रोगाचा पिच्छा पुरवला. आज तिथले बागायतदार भुरीबद्दल जे बोलतात, त्यातलं बरंचसं त्यांच्याच कामातून आलेलं आहे.

आता पहिल्या पाण्याचा अर्थ. हे कवच कोरडं असेल तर उघडत नाही. ते भिजावं लागतं, आणि हवाही थोडी उबदार असावी लागते. अडीच मिलिमीटरएवढी ओल आणि 10 अंशांच्या वर तापमान मिळालं की कवच तडकतं, आतले बीजाणू उडतात. वर्षभराच्या साथीत पाण्याची खरी गरज असते ती इथेच. एकदा का हे पहिले बीजाणू कोवळ्या पानावर रुजले की पुढचं सगळं काम कोरड्यात उडणारे मणी करतात.

आणि हे घडतं कधी? साधारण एप्रिलमध्ये. झाडं फुलावर असतात, कोवळी पानं उमलत असतात आणि नेमकं तेव्हाच कालव्यांना पाणी सुटतं. वाळवंटात पाऊस येवो न येवो, बागायतदार तुषार चालू करतो. पाण्याचे फवारे खोडावर आणि खालच्या बेचक्यांवर बसतात, म्हणजे जिथे कवचं दडलेली आहेत नेमक्या त्याच जागी. पाऊस नसलेल्या वर्षीही भुरी येते ती अशी. म्हणून तिथला जाणता बागायतदार पहिलं पाणी शक्य तितकं लांबवतो, निदान बहर उरकेपर्यंत. हिवाळ्यातली ओल जमिनीत असली तर ते जमतं, हलक्या जमिनीत झाड सुकवून चालत नाही. तुषारांचा कोन खाली ठेवणं, खोड भिजणार नाही असे नोझल वापरणं, शक्य तिथे ठिबक, हे सगळं त्याच हिशेबातून आलेलं. मला विचाराल तर या रोगावरचं सर्वांत स्वस्त औषध म्हणजे पाण्याचा व्हॉल्व्ह, आणि बिचाऱ्याची जाहिरात कुणी करत नाही.

पहिल्या ओलाव्यानंतर सात ते दहा दिवसांनी बागेत फिरावं लागतं. फिरायचं म्हणजे उभं राहून नव्हे, वाकून. पहिले डाग मुळातून फुटलेल्या फुटव्यांवर आणि झाडाच्या आतल्या पाणसोटांवर दिसतात. ती पानं सर्वांत कोवळी, सर्वांत सावलीतली आणि कवचांच्या सर्वांत जवळची. मॅझर्ड खुंटावरच्या झाडांना असे फुटवे भरपूर येतात. ते ओढून, मुळापासून काढायचे. कात्रीनं कापले की दोन आठवड्यांत दुप्पट जोमानं परत येतात. तुम्ही गेला होता त्या बागेत जुलैपर्यंत फुटवे उभे होते, म्हणजे मालकाकडे मजूर कमी पडले असावेत. लोकांना स्वतः तोडायला देणाऱ्या बागांत असं दिसतं.

फळाचं गणित जरा फसवं आहे. चेरीवर भुरीचे डाग नजरेस पडतात ते काढणी जवळ आल्यावर. किंचित दबलेले गोल पांढरे डाग, बहुधा देठाच्या खळग्यात. ते दिसल्यावर फवारा मारून काही हाती लागत नाही. फळावर बीजाणू साचायला सुरुवात होते ती कितीतरी आधी, पानांवरून. म्हणून फवारणीचा हिशेब फुलाच्या वाळलेल्या वाटीवरून लावतात. फुलाची सुकलेली वाटी कोवळ्या फळावरून गळून पडली की कार्यक्रम सुरू झालेला असलाच पाहिजे, आणि तिथून काढणीपर्यंत खंड पडू द्यायचा नाही. फळ वाचवायचं तर पानं आधी वाचवायची. काढणीआधीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत पाऊस पडला तर त्या वर्षी फळांवरची भुरी जास्त दिसते. पावसाचे थेंब बीजाणूंना धुऊन टाकतात हे खरं, पण पाऊस मागे ठेवून जातो तो दमटपणा त्यांच्या पथ्यावर पडतो.

पावसाचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. पिकलेल्या चेरीवर पावसाचं पाणी साचलं की फळ तडकतं. म्हणून पाऊस थांबल्या थांबल्या तिथले मोठे बागायतदार झाडांवरून हेलिकॉप्टर फिरवून पाणी झटकतात. ते भुरीसाठी नसतं. पण तुमच्या जावयांनी कधी बागेवर घिरट्या घालणारं हेलिकॉप्टर दाखवलं, तर फवारणी चालली आहे असं समजू नका.

औषधांची नावं तुमच्या ओळखीची आहेत. गंधक, ट्रायझोल गटातली मायक्लोब्युटॅनिल आणि टेब्युकोनॅझोल, स्ट्रोबिलुरिन गटातली ॲझॉक्सिस्ट्रोबिन वगैरे, आणि त्यानंतर आलेली बोस्कॅलिडसारखी. यांतल्या आंतरप्रवाही औषधांची अडचण तीच, जी आपल्याकडे आहे: एकाच गटाचं औषध सलग मारत राहिलं की बुरशी त्याला दाद देईनाशी होते. स्ट्रोबिलुरिनच्या बाबतीत तर बुरशीच्या एका जनुकात एक बदल झाला तरी पुरतो. म्हणून गट बदलत जायचं. व्यापारी नावं बदलून गट तोच राहिला तर ते बदलणं नव्हे. लेबलावरचा गटाचा आकडा पाहायची सवय आपल्याकडे अजून हवी तितकी रुजलेली नाही. दुकानदार देईल ते मारणारे बागायतदार मी इथेही पाहतो.

गंधक आणि फळबागेसाठीची खनिज तेलं मात्र बुरशीवर अनेक अंगांनी मार करतात, त्यामुळे त्यांची धार बोथट होत नाही. दोन पथ्यं मात्र पाळावी लागतात: कडक उन्हात, पारा 32 च्या पुढे असताना गंधक मारायचं नाही, आणि तेलाच्या मागेपुढे दोन आठवडे गंधक टाळायचं. दोन्ही चुकांनी पानं भाजतात. गंधकाचा हा वापर फार जुना आहे. 1820 च्या दशकात जॉन रॉबर्टसन यांनी पीचच्या झाडांवरील भुरीवर गंधक लागू पडतं असं लिहून ठेवलं. पुढे 1845 मध्ये इंग्लंडात मार्गेट इथे टकर नावाच्या माळ्याला काचघरातल्या द्राक्षांवर भुरी दिसली, तेव्हा त्यानंही गंधकच वापरलं. दोनशे वर्षांत औषधांच्या कितीतरी पिढ्या आल्या आणि गेल्या. गंधकाची गोणी बागेच्या शेडमध्ये अजून आहे.

राहिला छाटणीचा आणि काढणीनंतरचा भाग. हिवाळी छाटणीत झाड आतून मोकळं करायचं, म्हणजे ऊन आणि औषध दोन्ही आत पोहोचतं. दाट झाडावर ब्लोअरनं कितीही औषध मारा, बाहेरची पानं न्हाऊन निघतात आणि आतली कोरडी राहतात. काढणी झाली की बहुतेकांचं बागेकडे दुर्लक्ष होतं, पैसे हाती आलेले असतात आणि पुढचा खर्च नको वाटतो. पण काळी कवचं तयार होतात ती नेमकी त्याच दिवसांत, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, दुर्लक्षित पानांवर. पुढच्या एप्रिलला जे फुटणार ते तेव्हा भरलं जात असतं. काढणीनंतर एखादी फवारणी परवडते का, हा तिथे वादाचा विषय आहे. दरवर्षी भुरी डोकं वर काढणाऱ्या बागेत ती करावी असं माझं मत.

प्रश्न : रोगाला बळी न पडणारी चेरीची जात लावली की सगळी कटकट मिटेल ना? मग लोक जुन्याच जाती का धरून बसतात? (कृषी पदवीची विद्यार्थिनी, राहुरी)

उत्तर : तशा प्रयत्नांची सुरुवात झालेली आहे. प्रॉसरमधल्या संशोधकांना पीएमआर-वन नावाचं एक निवड-झाड मिळालं, ज्याची पानं भुरीला दाद देत नाहीत, आणि हा गुण एकाच प्रभावी जनुकामुळे येतो असं दिसून आलं. संकरासाठी हे सोन्यासारखं. पण त्यात धोकाही तुमच्या लक्षात आला असेल: एका जनुकावर उभा असलेला प्रतिकार बुरशी एका बदलानं ओलांडू शकते, जशी ती स्ट्रोबिलुरिनला ओलांडते.

दुसरी अडचण बाजाराची. फळझाड पंधरा-वीस वर्षं उभं राहतं आणि ग्राहकाला चेरी म्हटलं की बिंग हवी असते. ही जात 1875 च्या सुमारास ओरेगन राज्यात मिलवॉकी इथे सेथ लुएलिंग यांच्या रोपवाटिकेत निघाली आणि तिला त्यांच्या चिनी मुकादमाचं, आह बिंग यांचं नाव मिळालं. पिवळसर गुलाबी रेनियर ही बिंग आणि व्हॅन या जातींच्या संकरातून प्रॉसरलाच 1952 मध्ये हॅरल्ड फोगल यांनी काढली. दोन्ही चवीला अव्वल, दोन्ही भुरीला बळी पडणाऱ्या. बिंगनंतर पिकणाऱ्या स्वीटहार्टसारख्या उशिराच्या जातींचं आणखी कठीण, कारण त्या पिकेपर्यंत पानांवर बीजाणूंच्या कितीतरी पिढ्या होऊन गेलेल्या असतात. उलट शेलानसारखी लवकर येणारी जात जूनमध्येच काढून मोकळी होते. तेव्हा पूर्ण प्रतिकारक जात मिळेपर्यंत लवकर येणाऱ्या जातीचा हा आडमार्ग उपयोगी पडतो. दराचं गणित मात्र त्याच्या उलट जातं. सगळ्यांचा माल संपल्यावर येणाऱ्या उशिराच्या चेरीला भाव बरा मिळतो, म्हणून जोखीम पत्करूनही लोक ती लावतात.

प्रश्न : पुण्यात आयात चेरीचा डबा आणला, चार दिवसांनी फ्रिजमध्ये त्यावर पांढरं आलं. ही तीच भुरी का? धुऊन खाल्ली तर चालेल? (गृहिणी, कोथरूड)

उत्तर : भुरी नसावी. भुरीचे डाग असलेली फळं पॅकहाउसमध्येच बाजूला काढली जातात, निर्यातीच्या डब्यात ती सहसा पोहोचत नाहीत. शिवाय भुरी झाडावर वाढते. तोडलेल्या फळावर चार दिवसांत नव्यानं पसरणं हा तिचा स्वभाव नाही. तुमच्या डब्यात कापसासारखं जे आलं ती सडवणारी दुसरी बुरशी असणार, बहुधा एखाद्या तडकलेल्या फळापासून सुरू झालेली. ते फळ आणि त्याला चिकटलेली शेजारची फळं टाकून द्या. उरलेली कोरडी, घट्ट फळं खायला हरकत नाही. यापुढे डबा घरी आणल्यावर लगेच धुऊन ठेवू नका. ओल्या चेरी फ्रिजमध्ये लवकर जातात. खायच्या आधी धुवा, आणि फुटलेली फळं पहिल्याच दिवशी निवडून बाजूला काढा.